चालत्या गाडीत नाडी

भाऊ, तुझा मेहुणा गोकुळ उद्या तुझी जीप धुळ्याला नेणार आहे. अन्वरचाचांच्या भट्टीवर. काढलेले स्प्रिंगचे पाटे परत चढवायचे, तू बसवलेली मोटारीची दांडी सोडवून टाकायची आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी उंच, ताठ करायची, असं त्यानं ठरवलंय. वहिनीनं होकार दिलाय. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या तोंडून काय निघालं असतं, याचीच मला भीती वाटते. म्हणून तुला लिहायला बसलेय. तू उलटून काही विचारणार नाहीस, एवढाच काय तो धीर.

तुझ्या जलदानविधीला अख्खं गाव आलं होतं. भन्तेजींचं सूत्रपठण चाललं होतं आणि मी पांढऱ्या साडीत मागच्या भिंतीला टेकून उभी होते. तुला माहीतच आहे, मी कुठेही गेले तरी आधी भिंत शोधते. जो येई तो माझ्यापुढे थांबून एकच वाक्य म्हणे, की सख्खी बहीण नर्स, तिच्या हातात गेला, याहून चांगलं मरण कोणतं. मी मान खाली घालत होते. लोकांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच रे, पण त्याच्यापेक्षा भीती जास्त होती. यातला कोणी एक जण थांबून पुढचा प्रश्न विचारेल, याची.

तो प्रश्न शेवटी वहिनीनंच विचारला. सगळे जेवून उठले, मी भांडी गोळा करत होते, ती जवळ आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "मधमा कसाले थांबनात तुम्ही?"

मी म्हणाले, "नाडी पाहायला."

"चालती गाडीमा नाडी लागस, आसं तूच सांगे ना?"

आणि मी बोलून गेले, "त्या दिवशी गाडी हालत होती."

गोकुळ तिथेच चपला घालत होता. त्यानं ऐकलं. शेवटी गाडी तो चालवत होता, भाऊ, आणि तू त्याच्या बहिणीचा नवरा. त्याचा चेहरा असा पडला, की जणू दोष त्याच्याच हातात सापडला. दुसऱ्या दिवसापासून तो एकच बोलतोय. दाजी गाडी मोटारीसारखी करायला गेले आणि ती ना मोटार राहिली ना जीप, ऐनवेळी हालली, म्हणून थांबावं लागलं, म्हणून वेळ गेला. सगळा दोष तुझ्या हातच्या कामावर आलाय, आणि तो मी आणलाय.

आता सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते. मला स्वतःला एकदा नीट ऐकायचं आहे.

तुझी ती जीप म्हणजे आपल्या गावाचा दवाखान्यापर्यंतचा रस्ताच होता. सातपुड्याच्या पायथ्यापासून चोपडा, चोपड्याहून तापीचा पूल आणि मग जळगाव. आडलेली बाई असो, साप चावलेला असो, मी मागे आणि तू पुढे. नुकती नोकरीला लागले तेव्हा मी तुला म्हणायचे, "भाऊ, हळू." तू म्हणायचास, "कितली भ्यास व तू! पेशंट नही भ्यात, सिस्टर भ्यास." मागच्या लोकांपुढे मला असं बोलायला तुला भारी मजा यायची.

पण ती बाई आठवते ना? खालच्या आळीतली, तिसऱ्या खेपेची. बाळ सुखरूप झालं, पण रक्त थांबेना. तेव्हा तुझ्या जीपचे पाटे कंपनीतून आले तसेच होते. माल वाहायला केलेले, दगडासारखे. मी तिचं मनगट धरून जळगावपर्यंत बसले. सारखी नाडी लागत होती मला. जलद, पण लागत होती. मी तिच्या सासूला दोनदा सांगितलं, आहे, नाडी आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, हिला जाऊन बराच वेळ झालाय.

मग मी कोणाची नाडी धरून बसले होते? इंजिनाचा थरकाप, पाट्यांचे ठोके, खडीचा रस्ता. ते सगळं तिच्या गार मनगटातून माझ्या बोटांत येत होतं आणि मी ते मोजत होते. मेलेल्या बाईचे ठोके मी मिनिटाला एकशे दहा सांगितले होते. त्या दिवसापासून मला माझ्या बोटांची भीती बसली, भाऊ. ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर आपण तो थांबा सुरू केला. पुलाच्या अलीकडे, वळणाच्या आधी, रस्त्याकडेचा तो मोठा निंब. तिथे तू गाडी लावायचास, इंजिन बंद करायचास, आणि मी पुरतं एक मिनिट घड्याळ बघून नाडी मोजायचे. गरोदर बाई असली तर पोटावर नळी लावून बाळाचे ठोके. गावातल्या लोकांना तो थांबा इतका सवयीचा झाला की पेशंटचे नातेवाईक आपणच खाली उतरून गप्प उभे राहायचे. कोणी बिडी पेटवली तर दुसरा त्याला खुणेनं गप्प करायचा. मी मान वर करून "आहे" म्हटलं, की सगळे चढायचे. त्या एका मिनिटात मला घाम फुटायचा. कारण कधीतरी मला "नाही" म्हणावं लागणार होतं, आणि तेही निंबाखाली, अर्ध्या रस्त्यात.

मग एकदा तुझी गाडी गॅरेजात होती म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी स्वतःची मोटार दिली. पांढरी, बसकी, गादीची. मी मागे पेशंटचा हात धरून बसले आणि चोपडा सुटलं तरी मला नाडी स्पष्ट लागत होती. वळणावर लागली, पुलावर लागली. मी परत आले आणि चहासुद्धा न घेता तुला म्हणाले, "भाऊ, जीप मोटारीसारखी कर. चालत्या गाडीत मला नाडी लागली पाहिजे."

तू आधी हसलास. नंतर अंगणात जीपभोवती दोन चकरा मारल्यास आणि म्हणालास, "मोटार बसेल ऱ्हास, जीप उभी ऱ्हास. उभा माणूसले बसाडू कसा?" पण मी ओळखते ना तुला. चकरा मारल्यास म्हणजे काम डोक्यात शिरलं.

पुढचे काही महिने तू त्याच्यापायी वेडा झालास. पहिल्यांदा आपण धुळ्याला गेलो, आग्रा रोडच्या आतल्या बोळात, अन्वरचाचांकडे. ते पाटे तापवत होते, लाल झालेला पाटा ऐरणीवर होता. त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, पाटे कमी केले तर धक्का कमी बसेल. पण गाडी वळणावर लवंडेल. दोन्ही गोष्टी एका पाट्यात नाही मिळत." तू ऐकलं नाहीस. दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढायला लावलेस.

आणि ती मऊ झाली की नाही ते बघायची तुझी तऱ्हा! दुसरा कोणी असता तर मागे माणूस बसवून विचारलं असतं. तू केळीचा घड ठेवलास. गवत अंथरून, हळूच, लेकरू निजवावं तसा. म्हणालास, माणूस खोटं बोलतं, भिडेखातर ठीक आहे म्हणतं, केळं नाही बोलत. तो गावापासून धुळ्यापर्यंत नेलास, परत आणलास. मी म्हटलं, बघ, काही झालं नाही, हिरवंगार आहे. तू म्हणालास, थांब. केळं मार लगेच दाखवत नाही. पिकायला लागलं की मग दाखवतं. घड कोठीत तसाच ठेवलास आणि रोज सकाळी जाऊन बघायचास. पाटे काढण्याआधी नेलेल्या घडावर काळे डाग असे उमटले की वहिनीनं ती केळी गाईला घातली. पाटे काढल्यावरच्या घडावर जेमतेम एक-दोन. तू तो घड गावभर दाखवलास.

पण त्या नव्या मऊ गाडीत मी बसले आणि पुलाअलीकडचं ते वळण आलं, तेव्हा मी ओरडले. गाडी झोपली. सगळी एका अंगाला, आणि खाली तापीचं पात्र. मागे पोटुशी बाई होती, ती माझ्या अंगावर आली, तिला उलटी झाली. मी तुला म्हटलं, "तुझ्या केळाला हे नाही का कळलं?" तू म्हणालास, "केळले काय चक्कर येस?" आणि हसलास, पण स्टेअरिंगवरचे तुझे हात पांढरे पडले होते. मी बघितले. तूही भ्यायला होतास, भाऊ. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे तुला कधी सांगितलं नाही. एकटी मीच भित्री नाही, असं वाटलं.

चाचांचंच खरं ठरलं. पण तू हटला नाहीस. धुळ्याच्या भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालून एका मोडलेल्या मोटारीखालची ती आडवी दांडी शोधून आणलीस, जी दोन चाकांना एकमेकांशी बांधून ठेवते आणि गाडीला एका अंगाला झोपू देत नाही. ती जीपच्या मापाची नव्हती. चाचांनी तापवून वाकवली, तू खाली आडवा पडून बसवलीस, पुन्हा काढलीस, पुन्हा बसवलीस. पाट्यांचा बाक उतरवून गाडी चार बोटं खाली घेतलीस. धक्के गिळणारे नवे शॉक, सांध्यांतले नवे रबरी बुश. महिनाभर तुझ्या पाठीवर ग्रीस होतं, आणि वहिनी म्हणायची की ह्या माणसाचा सदरा धुवायचा की सोडून द्यायचा.

मग आपण पहिल्यांदा पेशंट घेऊन निघालो. एक म्हातारे आबा होते, दम्याचे. चोपडा सुटलं. मी मनगट धरलं. लागली नाडी. मला विश्वास बसेना. घड्याळावर मोजली. वळण आलं, मी डोळे मिटून घेतले, गाडी वळली आणि सरळ झाली. झोपली नाही. निंब मागे गेला. तू आरशातून बघितलंस. मी मान हलवली. तू दवाखाना येईपर्यंत शीळ घालत होतास.

त्यानंतर आपण निंबाखाली कधी थांबलो नाही.

याची किंमत दुसऱ्यांनी दिली, हे तू मला विसरू दिलं नाहीस. गाडी बसकी झाल्यावर वरच्या पाड्यांवर चढेना. नाल्यातला दगड खाली घासायचा. पूर्वी तू थेट झोपडीच्या दारात जीप लावायचास, आता पाड्यावरचे लोक बाईला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन, खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणू लागले. एकदा पावसात अशी झोळी येताना बघून तू घरी जेवला नाहीस. मला म्हणालास, "तुनी नाडीसाठे मी गाडीना पाय कापी टाकात. वरला पाडास्ना लोकेस्नं काय?" मी म्हटलं, वर चढून काय उपयोग, वाटेत जीव आहे की गेला हेच कळणार नसेल तर? तू म्हणालास, एक-एक पाटा परत चढवतो, दोन बोटं वर घेतो, दांडी राहू दे, मग दोन्ही जमेल. मी नाही म्हटलं. मी घाबरले, दुसरं काय. मला वाटलं, एक पाटा चढला की पुन्हा ती बाई, पुन्हा तो खोटा ठोका. आपण त्यावर किती दिवस भांडलो! तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यातही भांडलो. तू चिडून म्हणालास, "गाडी हालत नही, सुमे. तुना हात हालस. मी काय काय दुरुस्त करू?"

हे वाक्य मला तेव्हा इतकं लागलं की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांचा आता हिशेब कोणाकडे मागू.

आणि आता तो दिवस.

सकाळी तू गाडीखालून बाहेर आलास आणि छातीवर हात ठेवून ओट्यावर बसलास. वहिनीला वाटलं पित्त. मी तुझा चेहरा बघितला आणि गोकुळला हाक मारली. चोपड्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, जळगाव, लगेच. तुला तुझ्याच गाडीत, तुझ्याच जागेवर नव्हे, मागे, आडवं निजवलं. तू मला म्हणालास, "आज मी केळं." मी हसले नाही. हसायला हवं होतं रे. तुझा तो शेवटचा विनोद होता आणि मी तो वाया घालवला.

चोपडा सुटल्यावर मी तुझं मनगट धरलं. नाडी सापडेना. सापडली, पुन्हा हरवली. बोट सरकवलं, दुसरं मनगट धरलं, मानेवर हात ठेवला. कुठेतरी काहीतरी थडथडत होतं, पण ते काय होतं? मला ती बाई दिसायला लागली. मला वाटलं, मी पुन्हा गाडीचीच नाडी धरून बसलेय आणि भाऊ गेलाय. तू डोळे उघडून माझ्याकडे बघत होतास, तरी मला तसं वाटलं! नर्स म्हणवणारी बाई मी. समोरचा माणूस बघतोय, श्वास घेतोय, आणि मी ओरडले, "गोकुळ, निंबाखाली थांबव!"

त्यानं थांबवली. इंजिन बंद केलं. सवयीनं खाली उतरून उभा राहिला.

गाडी थांबली, भाऊ. अगदी निश्चल. पाखराचा आवाज येत होता. मी घड्याळ बघून मोजायला लागले आणि नाडी तशीच, तशीच हरवत होती. तेव्हा मला कळलं. गाडी उभी होती आणि माझी बोटं तुझ्या मनगटावर नाचत होती. माझाच हात. मी दुसऱ्या हातानं तो दाबून धरला आणि पुन्हा सुरुवात केली. चुकले. तिसऱ्यांदा सुरुवात केली. तू म्हणालास, "कसाले थांबाडी?"

मी घड्याळ बघत राहिले. त्यानंतर तू बोलला नाहीस.

तीन वेळा मोजली मी. तीन मिनिटं, आणि चढण्या-उतरण्याचं धरून चार असतील, पाच असतील. नंतर गोकुळनं जीव तोडून गाडी हाकली. मी तुझा हात माझ्या छातीशी घट्ट धरला, आणि मग, बघ ना, नाडी लागायला लागली. वळणावर लागली. पुलावर लागली. इतकी स्पष्ट, की मला वाटलं नको, नको लागू दे एवढी स्पष्ट. अडखळत होती, दोन ठोके, थांबून एक. जळगावची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा ती थांबली. या वेळी मला बरोबर कळलं, कुठे थांबली ते. तू ती गाडी याच्यासाठीच केली होतीस. तुझं काम चोख होतं. ज्या चार-पाच मिनिटांत ते कामी यायचं होतं, ती मी निंबाखाली घालवली.

ती मिनिटं नसती तर तू वाचला असतास का? डॉक्टरांना मी विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन काही सांगितलं नाही. ते "नाही, तरीही गेलाच असता" म्हणाले असते, तर मी सुटले असते. पण ते दुसरं काही म्हणाले असते तर? म्हणून विचारलं नाही. आणि वहिनीनं विचारल्यावर मी गाडीवर ढकललं.

इतकं लिहिता लिहिता सकाळ झाली आणि आरोग्य उपकेंद्राच्या दारात माणसं आली. कागद तसाच ठेवून उठावं लागलं. आता आठवड्यानं पुढचं लिहितेय.

वरच्या पाड्यावरची बाई होती. पहिलटकरीण, कोवळी, झोळीतून खाली आणलेली. कालपासून कळा, आणि बाळ आडवं. माझ्या हातून होणारं नव्हतं ते. जीप एकच, तुझी. आणि गोकुळ ती धुळ्याला न्यायला निघतच होता. पाटे दोरीनं बांधून मागे ठेवलेले, ते त्यानं उतरवून अंगणात टाकले. जिथे तू निजला होतास तिथेच तिला निजवलं. तुझ्याखाली अंथरलेलं गवत अजून तिथेच होतं, कोणी काढलं नव्हतं.

चोपडा सुटेपर्यंत मी तिच्या मनगटाला हातच लावला नाही. उगाच पदर सारखा कर, सलाईनची बाटली धर, असं करत राहिले. बाईची आई माझ्याकडे बघत होती. मग धरलं. नाडी सापडली, हरवली. मी बोट सरकवलं. आणि ती पोरगी, घामानं भिजलेली, कळेच्या मध्ये मला म्हणाली, "सिस्टर, तुम्हना हात हाली ऱ्हायना."

तिनं दुसऱ्या हातानं माझा हात धरला. मी तिचा धरायचा, तर तिनं माझा धरला.

पुढे निंब दिसायला लागला. गोकुळनं वेग कमी केला. मान न वळवता म्हणाला, "अक्का, थांबाडू का?"

भाऊ, मला थांबावंसं वाटत होतं. खरं सांगते, सगळं अंग म्हणत होतं थांब. तिथे उभ्या गाडीत एक मिनिट नीट मोजावं, घाम पुसावा, खात्री करावी. आणि थांबले असते तर गोकुळला पक्कं पटलं असतं की गाडी हालते, आणि उद्या तुझी दांडी भंगारात गेली असती, आणि मला कधीही, कोणालाही काही सांगावं लागलं नसतं.

मी म्हणाले, "नको थांबाडू, गोकुळ. गाडी हालत नही. त्या दिन बी हालत नव्हती. मना हात हाली ऱ्हायंता."

आरशात त्याचे डोळे दिसले आणि मग ते रस्त्याकडे वळले. निंब बाजूनं गेला. कोणी खाली उतरलं नाही. वळण आलं, खाली तापीचं पात्र होतं, मी या वेळी डोळे मिटले नाहीत. गाडी वळली आणि सरळ झाली. त्या पोरीनं धरलेल्या हाताखालून मी तिची नाडी मोजली. जलद होती, भरलेली होती, तिचीच होती. पोटावर नळी ठेवली. पुलावरून जाताना मला बाळाचे ठोके ऐकू आले.

दोघंही जगली. मुलगी झालीय.

परत येताना चोपड्याला चहा घेतला तेव्हा गोकुळ म्हणाला, माझ्या बहिणीला तू सांगशील की मी सांगू. मी म्हटलं, मी सांगेन. सांगितलंही. वहिनी भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, भाजली, उलटली, आणि मग मान फिरवून रडली. माझ्याशी अजून बोलत नाही. बोलेल की नाही, माहीत नाही. गोकुळनं मात्र सरळ विचारलं, तर मग ती दांडी राहू द्यायची ना? मी म्हटलं, राहू दे. पण अन्वरचाचांना सांग, प्रत्येक बाजूला एक-एक पाटा परत चढवा, गाडी दोन बोटं वर घ्या. वरच्या पाड्यावर जाऊ दे तिला. ते भांडण तू जिंकलास, भाऊ. मी कबूल करायला उशीर केला.

एक-एक पाटा चढलाय, आता गाडी थोडी जास्त हालेल, हे मला कळतं. मी रोज सकाळी ओट्यावर बसून डावा हात समोर धरते आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या मनगटावर ठेवते. स्वतःचीच नाडी मोजते. बोटं अजून थरथरतात. गोकुळनं धुळ्याला जाताना गाडीत मागे एक घड ठेवला होता, तुझ्यासारखाच गवतावर निजवून. तो परत आणून कोठीत ठेवलाय. मी रोज जाऊन बघते. अजून हिरवा आहे.